आधी जुने बोल्ट लाव

स्टडची पेटी आली म्हणतोस. बरं झालं. आता ती तशीच फडताळात ठेव आणि ब्लॉकला जुने बोल्ट परत लाव.

चिडू नकोस बाळा. एवढे दिवस वाट पाहून, पदरचे पैसे मोजून मागवलेली वस्तू समोर आली की हात शिवशिवतात, ते मला कळतं. पण मेन कॅपचे बोल्ट काढून स्टड घालायचं काम पान्याने सुरू होत नाही, बोअर गेजने सुरू होतं. बेअरिंगचे शेल काढलेले, प्रत्येक कॅप आपल्या नंबरावर, बाण पुढच्या बाजूला, आणि जुने बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळलेले. अशा ब्लॉकचं प्रत्येक भोक तीन दिशांनी मोज. एकदा उभं, एकदा घड्याळातल्या दहाकडे आणि एकदा दोनकडे. अगदी जोडाच्या रेषेवर मोजू नकोस, तिथला आकडा फसवतो. आकडे वहीत लिही. मग बोल्ट काढ, स्टड बसव, स्टडच्या कागदावर दिलेल्या टॉर्कला नट आवळ आणि तीच भोकं त्याच जागी पुन्हा मोज.

आकडे जुळणार नाहीत. तुला आत्ता सांगण्यासारखं माझ्याजवळ एवढंच मोठं आहे, बाकीचं सगळं त्याच्या आसपासचं. स्टड लावला की पकड बदलते, आणि पकड बदलली की भोक बदलतं.

लोखंडाचा एवढा जाड ब्लॉक कशाला हलतोय, असं वाटतं. हलतो. एका कॅपवर दोन्ही बाजूंची मिळून दहा-बारा टनांची पकड सहज बसते. कारखान्यात ते भोक बोल्ट आवळलेल्या अवस्थेत गोल केलेलं असतं, म्हणजे त्याची गोलाई त्या ठरावीक पकडीपुरती खरी असते. बोल्ट सैल केले तरी ती बिघडते, जास्त आवळले तरी बिघडते. मेन भोकाला कंपनी जी सूट देते ती बऱ्याच इंजिनांत मिलिमीटरच्या दोन-अडीच शतांश भागाएवढीच असते. केस त्याच्या दुप्पट-तिप्पट जाड असतो. क्रँक आणि शेलमधली तेलाची फट तरी किती? जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग, हा जुना ठोकताळा. ५० मिलिमीटरच्या जर्नलला पाच शतांश. त्यातले दोन शतांश स्टडने खाल्ले तर तेलाने कुठे राहायचं?

हे मी शिकलो ते दुसऱ्याचं नुकसान करून. उद्यमनगरात काम करायला लागून मला चार-पाच वर्षं झाली होती. उसाची वाहतूक करणाऱ्या एका माणसाचं डिझेल इंजिन उघडलं होतं. दोन मेन बोल्टांचे आटे ओढलेले दिसले, म्हणून मी लेथवर स्टड करून घेतले. ब्लॉक आधीच लाइन बोअर होऊन आला होता, बेअरिंग नवीन होती. स्टड लावले, कॅप बसवल्या, आवळल्या. क्रँक हाताने फिरवून पाहिला तर जड. मी म्हणालो, नवीन आहे, चालून मोकळा होईल. तीन आठवड्यांत गाडी दोरीने ओढून परत आली. तिसऱ्या मेनचा खालचा शेल काढून तळहातावर घेतला तेव्हा मधोमध राखाडी थर उडून तांब्याचा लालसर पट्टा उघडा पडला होता. बोटभर रुंद. क्रँकवर त्याच रुंदीच्या ओरखड्यांचं कडं. ऐन हंगामात त्या माणसाची गाडी उभी राहिली. माझे मिस्त्री एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी शेल काढून टाकले, रिकाम्या कॅप त्याच स्टडांवर आवळल्या आणि बोअर गेज माझ्या हातात दिला. उभा आकडा तीन शतांशाने कमी होता. क्रँक जड फिरत होता ते नवेपणाने नव्हे. तो मला सांगत होता आणि मी ऐकलं नाही.

म्हणून स्टड लावल्यानंतरचे आकडे सुटीच्या बाहेर गेले तर लाइन होनिंग करून घ्यायचंच. कॅपचं जोडाकडचं तोंड काही शतांश घासतात, मग सगळ्या कॅप आवळून सर्व मेन एका सरळ रेषेत होन करून गोल करतात. ब्लॉक पाठवताना स्टड, नट, वॉशर, आणि जे ग्रीस तू शेवटी वापरणार आहेस तेसुद्धा बरोबर दे. होन करणाऱ्याने आपले बोल्ट लावून गोल केलेलं भोक तुझ्या स्टडला काहीच कामाचं नाही. त्याला हात जोडून सांग की कॅप घासायची ती कमीत कमी घास. कॅपमधून जेवढं जाईल, तेवढा क्रँक वर ब्लॉककडे सरकतो. मग साखळीच्या इंजिनात टायमिंगची साखळी ढिली पडते, आणि गिअरच्या इंजिनात दात एकमेकांत घट्ट बसून आवाज करतात.

आता तू विचारशील, एवढी कटकट असेल तर स्टड हवेतच कशाला. तुझ्या जीपच्या इंजिनाला हवेत, म्हणून तर मी अडवलं नाही. टर्बोचा दाब तू वाढवणार आहेस. हिशेब करून बघ. ९० मिलिमीटरचा बोअर, आणि ज्वलनाचा दाब १०० बार धर. पिस्टनच्या माथ्यावर साडेसहा टनांचा तडाखा बसतो. तो कनेक्टिंग रॉडमधून क्रँकवर आणि क्रँकच्या दोन बाजूंच्या मेन कॅपवर. २००० फेऱ्यांना एका सिलिंडरचे असे हजार तडाखे, एका मिनिटात. जोवर कॅपची पकड या ओढीपेक्षा मोठी आहे तोवर कॅप ब्लॉकला चिकटून राहते आणि तडाखा बोल्टला जवळपास कळतही नाही. पकड कमी पडली की कॅप दर तडाख्याला केसाएवढी उचलली जाते, बसते, सरकते. जुन्या कॅपच्या जोडावर कधी घासल्यासारखे चकचकीत किंवा तांबूस-काळे डाग दिसतात ना, ती त्याची खूण. असे डाग दिसले तर स्टडच्या आधी त्या कॅपला आणि ब्लॉकच्या त्या भिंतीला तडा आहे का, हे चुंबकाच्या किंवा रंगाच्या चाचणीने बघून घे. तडकलेली भिंत कुठल्याही स्टडने सांधत नाही.

बोल्ट काय करतो, तर आवळताना एकाच वेळी ताणलाही जातो आणि पिळलाही जातो. ब्लॉकमधल्या आट्यांत तो दाबाखाली घासत फिरतो. ब्लॉक पडला बिडाचा, दर उघडझापेला आटे थोडे झिजतात. स्टड मात्र ब्लॉकमध्ये निवांत उभा असतो, ब्लॉकमधले आटे फिरत्या घर्षणातून सुटतात, आणि फिरतो तो वरचा नट. स्टडचा खालचा आटा जाड, वरचा बारीक. तुझ्या १२ मिलिमीटरच्या स्टडवर खाली १.७५ आणि वर १.२५ असेल. बारीक आट्याने एका फेऱ्यात नट कमी सरकतो, म्हणून पकड हळूहळू आणि नेमकी चढवता येते. हे काही शर्यतीच्या गाड्यांचं नवीन फॅड नाही. अँबॅसॅडरचं १४८९ सीसीचं इंजिन ज्या बीएमसी बी-सिरीजचं, त्याच घराण्यातल्या एमजीबीच्या इंजिनात मेन कॅप कारखान्यातूनच स्टड आणि नटाने धरलेल्या असत, नटाचा टॉर्क ७० फूट-पाउंड.

पण उद्या कुणी साधी, जशीच्या तशी जीप किंवा ट्रॅक्टर घेऊन आला आणि तुझं बघून म्हणाला मलाही स्टड टाक, तर नाही म्हण. त्याला कंपनीचे नवीन बोल्ट पुरतात. त्याचे पैसे चांगल्या शेलवर आणि ऑइल पंपावर लाव. आणि जे बोल्ट टॉर्कनंतर अंश मोजून फिरवायचे असतात, ते मुद्दाम ताणून बसवायचे असतात. ते एकदा निघाले की पुन्हा वापरायचे नाहीत, कितीही नवे दिसोत.

लेथवर करून घेतलेल्या स्टडबद्दल माझं मत पक्कं आहे. आपल्याकडे ईएन-२४ चा रॉड मिळतो, कारागीर हुशार आहेत, काम सुरेख दिसतं. पण टूलने कापलेल्या आट्याच्या मुळाशी बारीक ओरखडा राहतो आणि थकव्याचा तडा तिथूनच निघतो. चांगल्या स्टडचे आटे कापलेले नसतात, उष्णता-प्रक्रियेनंतर दाबून रोल केलेले असतात. शेतातल्या पंपाच्या साध्या कामाला लेथचा स्टड चालेल. मेन कॅपला नको.

आता आट्यांकडे ये. इथे घाई केलीस तर वरचं सगळं फुकट. ब्लॉकमधल्या भोकांत नवा धारदार टॅप मारू नकोस. टॅप कापतो, आणि तुला कापायचं नाही, फक्त साफ करायचं आहे. एक जुना मेन बोल्ट घे, त्याच्या आट्यांवर करवतीने लांबीच्या दिशेने तीन खाचा पाड, कडा कानशीने मार आणि तो बोटांनी भोकात फिरव. दोन फेरे आत, एक बाहेर. खाचांत जुनं ऑइल, चिकट पदार्थ, बिडाची भुकटी कशी भरून येते बघ. ती पुसून पुन्हा फिरव. खाच कोरडी निघेपर्यंत. मग चष्मा घालून हवा मार. चष्मा म्हणजे डोळे झाकणारा, नाकावरचा नव्हे. भोकाच्या बुडाशी थेंबभर ऑइल राहिलं आणि तू वरून स्टड आवळत गेलास, तर त्या ऑइलला जायला वाट नसते. ते ब्लॉकच फोडतं. मी असा फुटलेला ब्लॉक पाहिला आहे, बाहेरून केसासारखी रेघ आणि आत सगळं संपलेलं.

भोकाची खोली काडीने मोजून घे. बिडाच्या ब्लॉकमध्ये स्टडच्या व्यासाच्या दीडपट आटा आत बसायला हवा, म्हणजे तुझ्या स्टडला १८ मिलिमीटर. अॅल्युमिनियमच्या ब्लॉकला दुप्पट लागतो. वर नट पूर्ण चढून दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. त्याहून जास्त बाहेर आले तर ऑइलचं चेंबर, ऑइल पंपाची जाळी आणि क्रँकची वजनं तपास. मुलांच्या खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या मातीच्या गोळ्या स्टडच्या टोकावर चिकटव, क्रँक एक फेरा फिरव, चेंबर नुसतं टेकवून काढ. गोळी किती दबली त्यावरून मोकळी जागा कळते. काही इंजिनांत ऑइल पंप मागच्या मेन कॅपवर बसतो, तिथे त्या जागेचा स्टड वेगळा लागतो. आणि हेही पाहा की कॅपला जागेवर धरतं कोण. ब्लॉकमधली खाच धरत असेल तर प्रश्न नाही. बोल्टाभोवतीची पोकळ पिन किंवा खुद्द बोल्टाचा गुळगुळीत दांडाच कॅपला मध्यावर धरत असेल, आणि स्टडचा दांडा त्याहून बारीक असेल, तर कॅप रोज वेगळ्या जागी बसेल. असं असेल तर पुढचं सगळं थांबव आणि मला फोन कर.

स्टड हाताने बसवायचा. आत शिरेपर्यंत बोटांनी, मग टोकाच्या खाचेत अॅलन की घालून हलकेच टेकेपर्यंत. दोन नट एकमेकांवर आवळून पान्याने रेटायची सवय आपल्याकडे फार आहे, ती इथे विसर. १९६८ साली गॅरी होल्झॅपफेल यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेली एआरपी ही या कामातली जुनी कंपनी, तिच्या कागदावरही स्टड हातानेच घट्ट करायला सांगतात. स्टडला ताण नटाने द्यायचा असतो. तळाशी रेटलेला स्टड वाकडा उभा राहतो आणि कॅप त्यावरून सरळ उतरत नाही. लॉकटाइट लावणार असशील तर ते सुकायच्या आत कॅप चढवून नट आवळून टाक, म्हणजे स्टड कॅपच्या भोकाप्रमाणे सरळ होऊन मगच जागी पक्का होईल.

क्रँक उतरवताना एक गोष्ट बोल्टवाल्याला माहीत नसते. आता तुझ्या ब्लॉकवर दहा धारदार काठ्या उभ्या आहेत, आणि घासून चकचकीत केलेला जर्नल त्यांच्यामधून खाली जायचा आहे. डिझेलच्या जुन्या रबरी पाइपचे वीतभर तुकडे काप आणि प्रत्येक स्टडवर टोपीसारखे घाल. दोन माणसं लागतील. एकाने पुढचं टोक धरायचं, एकाने मागचं, आणि बोलत बोलत उतरवायचं.

कॅप रबरी किंवा प्लॅस्टिकच्या हातोडीने दोन्ही बाजूंना आलटून पालटून टिचक्या मारत बसव. नट फिरवून कॅप खाली ओढायची नाही, कोपरा चढतो आणि खाच दुखावते. काढतानाही बोल्ट अर्धवट ठेवून कॅप हलवायची जुनी युक्ती इथे चालत नाही, सरळ वरच काढावी लागते. म्हणून इंजिन गाडीत ठेवून खालून बेअरिंग बदलायची वेळ आली, तर कॅप स्टडच्या पूर्ण लांबीएवढी खाली यायला जागा लागेल. तुझ्या जीपच्या आडव्या बीममुळे ती मिळेल असं मला वाटत नाही.

ग्रीसबद्दल नीट ऐक. तू नटावर शंभर ताकद लावतोस, त्यातली साधारण पन्नास नटाच्या तोंडाखालच्या घर्षणात जाते, चाळीस आट्यांच्या घर्षणात, आणि स्टड ताणायला उरतात फक्त दहा. घर्षण थोडं कमी झालं की या दहाचे पंधरा होतात. शंभर न्यूटन-मीटर, म्हणजे आपल्या भाषेत दहा किलो टॉर्क, १२ मिलिमीटरच्या कोरड्या आट्यावर लावला तर पकड येते सव्वाचार टनांच्या आसपास. तोच टॉर्क मॉलिब्डेनमच्या ग्रीसवर लावला तर साडेसहा टन. आणि १०.९ दर्जाचा जाड आट्याचा १२ मिलिमीटर बोल्ट आठ टनांच्या आसपास कायमचा लांबतो. बघ किती जवळ आलास, पाना तेवढाच दाबून. म्हणून स्टडबरोबर जे ग्रीस आलं आहे तेच वापर, आणि त्याच ग्रीससाठी कागदावर जो टॉर्क दिला आहे तोच लाव. जुन्या बोल्टचा टॉर्क विसर. ऑइलचा टॉर्क वेगळा, ग्रीसचा वेगळा, आणि दोन्ही मिसळून काय होईल ते कुणीच सांगू शकत नाही. ग्रीस आट्यांवर, नटाच्या तोंडाला आणि वॉशरच्या वरच्या बाजूला. वॉशर पेटीतलेच, कडक केलेले. बाजारातला मऊ वॉशर नटाखाली चुरगळतो.

पहिल्यांदा आवळलेल्या नटाचा टॉर्क कधीही खरा धरू नकोस. नवे आटे खरबरीत असतात. तीन-चार वेळा आवळ, सोड, आवळ, सोड, मग शेवटचं खरं. आणि हे सगळं मोजमाप घ्यायच्या आधी, होनिंगच्या आधी झालेलं असू दे. आवळायचं मधल्या कॅपपासून बाहेरच्या कॅपकडे, तीन टप्प्यांत. टॉर्क पाना एका संथ ओढीत चालव, टक् झालं की थांब. खात्रीसाठी दुसऱ्यांदा टक् करायचं नाही. काम संपलं की पाना शून्याजवळ उतरवून ठेव, स्प्रिंग दाबून ठेवलेली राहिली तर पुढच्या वेळी ती खोटं बोलते.

थ्रस्ट बेअरिंगची कॅप सर्वात शेवटी पूर्ण आवळ. त्याआधी लाकडी दांड्याने क्रँक पुढे-मागे ढकल, म्हणजे थ्रस्टचे दोन्ही अर्धे एका पातळीत येतील. मग डायल गेजने पुढचा-मागचा खेळ बघ, पुस्तकातल्या आकड्यात हवा.

प्रत्येक कॅपनंतर क्रँक फिरवून बघायचा, सगळ्या झाल्यावर नव्हे. एका कॅपनंतर अचानक जड झाला तर दोष कुठे आहे ते तिथल्या तिथे सापडतं. हाताचा अंदाज थकला की बिघडतो, म्हणून फ्लायव्हीलच्या बाजूच्या बोल्टला दोरी बांध आणि स्प्रिंगकाट्याने ओढून किती किलोला सुटतो ते बघ. प्रत्येक कॅपचा आकडा वहीत, मघाच्या आकड्यांच्या खाली.

इंजिन गाडीत चढलं की डिझेल बंद ठेवून नुसता सेल्फ मार, थोडा थोडा, मध्ये सेल्फला थंड होऊ देत, ऑइलचा दाब काट्यावर दिसेपर्यंत. त्यानंतरच सुरू कर. पहिलं ऑइल लवकर बदल, पाचशे किलोमीटरच्या आत. काढलेला फिल्टर फेकू नकोस. करवतीने कापायचा नाही, तिचा भुसा आत पडतो आणि मग खरा कीस कुठला ते कळत नाही. माझ्याकडे पत्रा कापायचं कटर आहे. रविवारी मी येतो, कागद उलगडून उन्हात धरू आणि त्यात तांब्याची चकाकी आहे का ते बघू.